मोरचुदाची भिंत

मुळशीच्या पावसाला मी हरवणार होतो! इथे पावसाळ्यात सिमेंटच्या भिंतींवरसुद्धा बुरशी चढते, आणि सरकारला तर धान्याचं गोदाम बांधायचं होतं. मी होतो हंगामी ओव्हरसियर. मोठ्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, "गिलाव्यात मोरचूद मिसळतो साहेब, बुरशीची काय टाप आहे!"

"करून दाखवा," साहेब म्हणाले, "नोकरी कायम करतो."

मी पौडजवळ सगुणाबाईंच्या घरी भाड्याने राहत होतो. त्यांच्या परसात कमरेएवढ्या दोन भिंती उभारल्या. एकीत मोरचूद, दुसरी साधी. तेवढ्यात मला दोन महिने पुण्याच्या कामावर धाडलं. "भिंतींकडे जरा लक्ष ठेवा," असं बाईंना सांगून गेलो. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

भाद्रपदात साहेबांच्याच जीपमधून परतलो. परसात पाऊल टाकलं आणि बघतो तर काय! मोरचुदाच्या भिंतीवर अळंबीच्या पांढऱ्या छत्र्या उगवलेल्या, आणि साधी भिंत कोरडी ठणठणीत!

"मोरचुदाची हीच ना?" साहेबांनी विचारलं.

"हो, म्हणजे..."

सगुणाबाई पदर खोचून पुढे आल्या. "ती भित हिरवी पडली व्हती. मला वाटलं बुरशीच चढली! आता तुमची नोकरी जातीया म्हनून गौरीसाठी घर सारवताना तिलाबी शेनाचा हात फिरवला."

छत्र्या शेणातून आल्या होत्या तर! माझ्या जिवात जीव आला. "साहेब, तो रंग मोरचुदाचाच! हे बघा." मी घाईघाईने शेण खरवडलं. खाली गिलावा हिरवागार.

साहेब वाकले. "अरेरे! बुरशी पार आतपर्यंत गेलीय!"

मी कपाळाला हात लावला. साहेब साध्या भिंतीकडे वळले. "मग ही कशी वाचली?"

"तिच्यापाशी वर पत्रा टाकून पानी तापवायची चूल मांडली न्हवं का," सगुणाबाई म्हणाल्या. "धुरापुढं बुरशी टिकतीया व्हय?"

"वा! हा उपाय तुमच्या नावावर घालतो, ओव्हरसियर!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. मग 'कायम' हा शब्द आठवला आणि मिटलं. लाज वाटली, नाही असं नाही.

हुकूम आला. नोकरी कायम, पण चुलीचा प्रयोग वर्षभर चालवायचा आणि जाळ ओव्हरसियरने स्वतः घालायचा! त्यामुळे हल्ली रोज पहाटे मी फुंकणी घेऊन बसतो, आणि सगुणाबाई दारातून ओरडतात, "दमानं फुका, ओवरशेर! लई राख उडतीया!"