गप्प बसलेलं तेल

"हल्लीचं तेल धड बोलतच नाही. दोन शब्द बोललं की गप्प."

सासूबाई कढईकडे बघून पुटपुटत होत्या. मी त्यांच्या कोपराशी भेंडी चिरत होते. मी मान आणखी खाली घातली, कारण तेल अजून बारीक आवाजात बोलतच होतं. मला तर नीट ऐकू येत होतं.

आधी सासूबाईंचं तळणं सांगते. भेंडीच्या काडीसारख्या बारीक फोडी त्या कानांनी तळायच्या. चष्म्यावर वाफ धरते, म्हणून तळताना त्यांचा डोळ्यांवर भरवसाच नाही. भेंडी तेलात पडली की आधी कल्ला, मग कुजबुज, आणि कुजबुज थांबली की त्याच क्षणी झारा. एकदा खिडकीतून शेजारणीशी त्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. मध्येच "थांब जरा" म्हणून वळल्या, भेंडी निथळून ताटात काढली आणि सोडलं होतं त्याच शब्दापासून भांडण पुढे सुरू केलं. शेजारीण शेवटी ती भेंडी खाऊन गेली. मी वीस वर्षं त्या कढईशेजारी उभी आहे, तसं मला आजवर जमलेलं नाही.

गेले चार महिने मात्र त्यांना ती कुजबुज ऐकूच येईना. कल्ला ओसरला की त्यांच्या लेखी तेल गप्प! भेंडी ताटात यायची ती अर्धीकच्ची, गोगलगायीसारखी बुळबुळीत. पण सांगणार कोण? "ज्या दिवशी माझी भेंडी बिघडेल, त्या दिवशी मी शेगडी सोडली," असं त्यांनी केव्हाच जाहीर करून ठेवलेलं. आणि शेगडी सोडलेल्या सासूबाई आम्हाला डोळ्यांसमोर आणवत नव्हत्या.

म्हणून आम्ही आधी तेल बदललं. मग कढई. मग शेगडी दुरुस्त करणारा आला. "यात काही बिघाड नाही," तो म्हणाला. "नीट बघा हो, असेल थोडा," नवऱ्याने त्याला विनवलं. जेवताना तर नवरा गालात टोस्टचा तुकडा धरून भेंडीबरोबर कुडुमकुडुम चावायचा. ज्यांच्यासाठी तो आवाज करायचा त्यांना तो ऐकू येत नाही, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

अशात मावशींचा, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. "ताई, रविवारी जेवायला येते. भेंडी कर." मावशी म्हणजे मनात आलं की तोंडात आलं.

"आता बिंग फुटणार," नवरा म्हणाला.

"मी आहे ना. झारा मी लपवते. तेल गप्प झालं की त्यांच्या हातात देते. माझे कान ठणठणीत आहेत."

रविवारी निम्मी भेंडी कढईत पडली. मी झारा पाठीमागे धरून ओट्याशी उभी. कल्ला ओसरला आणि सासूबाईंनी हात पुढे केला. झारा नाही.

"अगं, इथला झारा कुठे गेला?"

"बघा ना, आई," मी ओरडले. "आत्ता तर होता."

त्या धुरकट चष्म्यानिशी खण उघडू लागल्या, मी मोरीकडे पाठ करून उभी. कळसा माझ्या काखेत आणि वळसा त्यांना. कान मात्र मी टवकारलेले. सूंऽऽ चालूच होतं. झाकणं झाली, लाटणं झालं, चिमटे झाले, तरी सूंऽऽ चालूच. काय हे चिवट तेल, म्हणेपर्यंत वास आला.

कढईतलं तेल केव्हाच गप्प झालं होतं. सूंऽऽ करत होता तो धूर बाहेर फेकणारा भिंतीतला पंखा. "अगंबाई, हा तर पंखा!" मी ओरडलेच.

ताटात आला तो काळ्या काड्यांचा भारा. नवऱ्याने डोळे मिटून घास घेतला. "वा, कुरकुरीत झालीय," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. मावशींनी एक काडी चावली, पाण्याचा घोट घेतला, बहिणीकडे पाहिलं, आणि त्या तोंडातून आलं काय, तर "ताई, छान आहे हो."

सासूबाईंनी एक काडी उचलली, उलटसुलट पाहिली आणि खाली ठेवली.

"मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

नवऱ्याचा जबडा टोस्टसकट थांबला.

"चार महिने झाले. तुम्ही कढया बदलल्यात, मीही तेलाला बोल लावत बसले. आता पुरे. कानांच्या डॉक्टरांकडे उद्या जाऊ." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुला तर ऐकू येतं ना गं? मग भेंडी सोडून त्या पंख्याचं काय ऐकत बसली होतीस? चल, ऊठ. निम्मी भेंडी अजून आहे. हात माझे, कान तुझे. पण आधी तो पंखा बंद कर."