एकतिसाव्या वाटीची हकीकत

श्री उंबरठा प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. लेखिकेच्या सासूबाईंनी गावी परततेसमयी आज्ञा केली होती की, "सूनबाई, दिलेलं भांडं आठ दिवसांत फिरून आलं नाही तर रागावू नकोस. जाऊन बघ. त्या घरी काहीतरी अडलेलं असतं." लेखिका पदवीधर, कडेवर अकरा महिन्यांच्या राणीसाहेब, चित्ती लशींचे वेळापत्रक, तिने "हो आई, बघते" म्हणोन ते बोलणे तत्क्षणी विसर्जित केले. तेच पुढे कामी आले, ती हकीकत ऐसी.

राज्य चार मजली, दरवाजे बत्तीस, पालखी एक, तिला लिफ्ट म्हणत आणि ती बहुधा नादुरुस्त. दुसऱ्या मजल्यावर मणिपूर प्रांतीची इबेमहाल नामे चित्रकारीण भाड्याने राहावयास आली, आणि कलाशाळेत शिकून मराठी बोलती जाहली होती, तरी वर्षभरात तिजशी कोणी बोलले नाही; जिन्यात भेटता सारे मोबाईल पाहात. मग तिने एके शनिवारी काळ्या तांदळाची खीर रांधिली आणि एकतीस मातीच्या वाट्या भरून दारोदार ठेविल्या, आणि सोबत चिठ्ठी की, खाऊन वाटी धुऊन द्यावी, पुढल्या आठवड्याच्या रविवारी सोसायटीच्या हॉलात रिकाम्या वाट्यांचे प्रदर्शन मांडणे आहे, नाव 'अनोळखी'. लेखिकेने खीर तीन वेळा हुंगली, मोबाईलवर शोधिली, राणीसाहेबांपासून चार हात दूर ठेविली, आणि दुपारी एक चमचा चाखून पाहते म्हणता वाटी चाटून पुसून फस्त केली.

पुढे शुक्रवार उजाडला, तरी एकही वाटी परतली नाही. इबेमहाल लेखिकेचे दारी आली, डोळे सुजलेले, आणि म्हणाली, "ताई, सगळ्यांनी खीर फेकली का? आमच्या घरी वाटी धुऊन लगेच आली की समजायचं, आवडलं. नाही आली, म्हणजे नको होतं. प्रदर्शन रद्द करते मी." लेखिका चकित होऊन बोलिली, "अगं बाई, फेकतंय कोण! रिकामी वाटी परत कशी द्यायची? काहीतरी घालून द्यावं लागतं ना! माझी बघ, लाडवांसाठी अडलीय. हिला दात येतायत, बेसन भाजायला हात कुठे मोकळा आहे?" ऐसे म्हणता इबेमहाल जी हसू लागली ती जिन्यात बसूनच. लेखिकेने तत्काळ व्हॉट्सॲप दरबारी डंका पिटिला की, जे काय घालणे ते रविवारी दहापर्यंत घालावे.

रविवारी हॉलात वाट्यांची रांग लागली. कोणाची चिवड्याची, कोणाची सोलकढीची, आणि सोसायटीचे कारभारी नेरूरकर यांनी स्वहस्ते केलेल्या शिऱ्याची, तो वाटीस घट्ट धरून बसला. इबेमहालने रिकाम्या वाट्यांचा बेत मोडिला आणि भरल्याच मांडिल्या, आणि नावाच्या पाटीवरील 'अनोळखी' पुसून 'ओळखी' ऐसे लिहिले. परंतु मोजता वाट्या तीसच भरल्या. नेरूरकर म्हणाले, "चारशे तीनचे रेगे सर असणार. खडूस माणूस. माझी शिडी नेली ती अजून त्यांच्याकडेच आहे." सारे हसले. लेखिकेस मात्र सासूबाई आठवल्या, आणि दिवस मोजिता आज नववा.

मग राणीसाहेबांस इबेमहालचे कडेवर देऊन लेखिका चार मजले धावत चढली. दाराच्या कडीत कालचे आणि आजचे अशी दोन वर्तमानपत्रे. दार ठोठावता आतून क्षीण आवाज आला, "वाटी ओट्यावर आहे. मला उठता येत नाही." मागोमाग चढून आलेल्या नेरूरकरांनी खांदा लावून दार उखडिले. सर ओट्याखाली पडलेले, बाजूस शिडी, भोवती साखर सांडलेली. फडताळातून साखरेचा डबा काढिते वेळी काल पहाटेच पडले होते. रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवरून सरांनी लेखिकेचा पदर धरिला आणि म्हणाले, "रिकामी नेऊ नका हो. डब्याच्या तळाशी असेल थोडी." लेखिकेने चिमूटभर साखर घालून ती वाटी रांगेत मधोमध ठेविली, आणि नेरूरकर शिडीबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

सर हाडाच्या दवाखान्यात आहेत, खुब्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली, आणि परिचारिकांवर डाफरतात, म्हणजे बरे आहेत. तात्पर्य, जे भांडे परतले नाही ते बुडाले ऐसे समजू नये. वाचकांनी ही बखर येथेच ठेवावी आणि ज्या दारी आपली वाटी राहिली आहे ते दार आताच वाजवून यावे. हाती काही नसल्यास चिमूटभर साखर न्यावी.