मधल्या पातळीचे बूट

दातांच्या डॉक्टरांनी नव्या बुटांत पाय घातले, दुकानात एक फेरी मारली आणि त्यांचा चेहरा पडला. बूट अगदी मापात बसले होते.

"हेच घ्या सर," दुकानातली मुलगी म्हणाली. "भाड्याचे सपाट बूट तुम्ही आता सोडायलाच हवेत. हे मधल्या पातळीचे. पुढून जरासे वाकलेले, म्हणजे बारीक खाचेवरही अंगठा टिकतो. आणि तासभर चढलात तरी पाय ओरडणार नाहीत."

नेमकं हेच डॉक्टरांना खटकलं. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका हॉलमध्ये खोट्या कातळाची भिंत होती. दोर-बीर न लावता तिच्यावर चढायचं आणि हात सुटला की खालच्या गादीवर आपटायचं, असा तो बोल्डरिंगचा खेळ. गेलं वर्षभर डॉक्टर तिथे इमानेइतबारे आपटत होते. तिथली तरबेज मंडळी आपले घट्ट बूट काढताना कशी कण्हतात, हे त्यांनी मोठ्या असूयेने पाहिलं होतं. आपले पाय ओरडलेच नाहीत, तर आपण पुढे गेलो हे लोकांना कळणार कसं?

"एक नंबर लहान दाखवा."

लहान आले. "बोटं मुडपतायत ना? मग बास," मुलगी म्हणाली.

"अजून एक लहान."

"सर, त्यात पाय जाणार नाही."

"न जायला काय झालं?"

पायावर प्लास्टिकची पिशवी चढवून, भिंतीला पाठ टेकवून, दात-ओठ खात डॉक्टरांनी एक बूट घातला. मग तसाच दुसरा.

"कळ येतेय का?"

"छे! लोण्यासारखे आहेत," डॉक्टर म्हणाले. डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

तेवढ्यात दवाखान्यातल्या मदतनीस ताईंचा फोन आला. "सर, गणिताच्या बाई आल्यात! आपणहून! गाल टम्म सुजलाय. लवकर या, नाहीतर पुन्हा सटकतील."

गणिताच्या बाई म्हणजे अख्ख्या शाळेला चळाचळा कापायला लावून निवृत्त झालेल्या बाई. पण दातांच्या खुर्चीपुढे त्यांचंच पाणी पाणी व्हायचं. मागच्या खेपेला तर त्या खुर्चीवरून उठून ज्या पळाल्या, त्या पर्सही विसरून गेल्या होत्या. आज दाढ काढली नसती तर प्रकरण जबड्यावर गेलं असतं.

डॉक्टरांनी बूट ओढला. हलेना. मुलीने ओढला, तर डॉक्टर बाकासकट दारापर्यंत घसरत गेले.

"पाय सुजलाय सर. जरा वेळ बसा."

बसायला वेळ होता कुणाला? बुटांचे पैसे गल्ल्यावर ठेवून, आपली चपलांची जोडी काखोटीला मारून डॉक्टर निखाऱ्यांवरून चालल्यासारखे चार दुकानं पलीकडच्या दवाखान्यात शिरले. बाई खुर्चीत डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या.

"आ करा बाई."

बाईंनी आ केला. डॉक्टर पुढे वाकले, सगळा भार बोटांवर आला.

"आई गं!"

बाईंचं तोंड खटकन मिटलं. "काय दिसलं?"

"काही नाही. साधी दाढ आहे."

"साधी आहे तर आईला कशाला हाक मारलीत?"

डॉक्टरांनी कसंबसं हसून स्टूल जवळ ओढलं, ते नेमकं अंगठ्यावर आदळलं. "मेलो! मेलो!"

बाहेरच्या बाकावरचे दोघे जण आतल्या पेशंटची कीव करत उठून गेले. बाईंनी पर्स घट्ट पकडली. "डॉक्टर, काय असेल ते खरं सांगा. मुलाला बोलावून घेऊ का?"

"तुमचं काही नाही हो बाई! माझे पाय!"

बाईंनी खाली वाकून पाहिलं. "कितीचे आहेत?"

"माझ्या मापापेक्षा दोन नंबर लहान."

"लहान आकड्याला मोठ्याने भाग जात नाही, एवढंही कुणी शिकवलं नाही तुम्हाला?" बाई खुर्चीतून उतरल्या. "बसा इथे."

त्या आवाजावर वर्गच्या वर्ग खाली बसलेले होते. डॉक्टर निमूट खुर्चीत बसले. बाईंनी बाह्या वर सारल्या, स्टुलावर ठाण मांडलं आणि डावा बूट मांडीवर घेतला.

"अंग सैल सोडा. इकडे बघू नका, छताकडे बघा."

"दुखेल का?" डॉक्टरांनी बारीक आवाजात विचारलं.

"दुखणारच. खोटं कशाला सांगू?"

बाईंनी हिसडा दिला. डॉक्टरांनी ठोकलेल्या आरोळीने बाहेर उरलेला बाकही रिकामा झाला. बूट बाईंच्या हातात होता आणि जांभळी पडलेली पाच बोटं एकमेकांना चिकटून बसली होती. बाईंनी ती एकेक करून सुटी केली. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला होता.

"उठा आता, माझी दाढ काढा. तुमच्यासारखा गोंधळ घालणार नाही मी."

आणि खरंच, एक पाय उचलून बगळ्यासारखं उभं राहिलेल्या डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन देऊन दाढ काढली, तेव्हा बाईंनी हूं की चूं केलं नाही. दातांत कापसाचा बोळा धरून त्या उठल्या, बाह्या पुन्हा वर सारल्या आणि उजव्या बुटाकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. "बाहेर कुणी थांबलंय का हो?"

"चिटपाखरू नाही सर," मदतनीस ताई म्हणाल्या.

डॉक्टर उसासा टाकून खुर्चीत चढले. "ताई, भुलीचं अजून एक इंजेक्शन भरा."

"बाईंना पुन्हा?"

"मला," डॉक्टर म्हणाले. "अंगठ्यात."