खवल्याची भरलेली वही

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांकडे चित्रवही होती आणि चित्र कोणाकडेच नव्हतं.

त्याचं असं झालं. मोरगुरुजींनी वडाखाली व्याख्यान दिलं. "रोज एक चित्र काढा. कसंही काढा. सवय लागली पाहिजे!" टाळ्या पडल्या. लगेच चित्रवही मंडळ निघालं. प्रत्येकाला एकेक कोरी वही मिळाली.

सगळे मन लावून कामाला लागले. वहीला खाकी कव्हर घातलं. नावाची चिठ्ठी डकवली. पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं. मग सगळे थांबले. इतक्या सुंदर वहीत पहिलंच चित्र वाकडं आलं तर? त्यापेक्षा कव्हर बदललेलं बरं. दर सोमवारी जुनी कव्हरं उकिरड्यावर पडू लागली.

एकट्या खवल्याला हे कळलं नाही. खवल्या म्हणजे आपलं खवले मांजर. इतका लाजाळू, की कोणी "काय रे" म्हटलं तरी अंगाचा चेंडू करायचा. गुरुजी रोज काढा म्हणाले, म्हणून बिचारा रोज काढत बसला. कोळशाने. आणि फक्त मुंग्या.

"जेवणाचं चित्र काढतोस होय रे?" सांबरकाका हसले.

"आधी काढतो, मग खातो," खवल्या पुटपुटला.

पहिल्या मुंग्या करपलेल्या साबुदाण्यासारख्या दिसत होत्या. चाळिसाव्या पानावर त्यांना कंबर आली. शेवटच्या पानावर एकीचा पाय गुडघ्यात नीट वाकला आणि वही संपली.

आता उद्या काय? हात नुकता कुठे वळायला लागला होता. चार दिवस खंड पडला, की तो गुडघा हातातून गेलाच. काळजीने खवल्याला मुंग्या गोड लागेनात. शेवटी धीर करून तो मंडळाच्या कपाटाशी गेला. किल्ली घोरपडबाईंकडे असायची.

"बाई, दुसरी वही मिळेल?"

"पहिलीचं काय केलंस?"

"भरली."

बाईंनी वही उघडली आणि कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, एक पान धड ठेवलं नाहीस! गुरुजी, बघा हो याचे प्रताप!"

गुरुजींनी पिसारा मिटला. "खवल्या, मी काढा म्हणालो, ते काय खरंच काढा म्हणून? सशाची वही बघ. सहा महिने झाले, अजून दुकानातून आणल्यासारखी! या वर्षीचं बक्षीस त्यालाच."

"काय बक्षीस?"

"कोरी वही."

खवल्याचा तिथेच चेंडू झाला. तो उतारावरून गडगडत थेट उकिरड्यात जाऊन थांबला. डोळे उघडले तर समोर खाकी कव्हरांचा ढीग. त्याने एक उलटून पाहिलं. मागची बाजू स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवसापासून मुंग्या पुन्हा सुरू झाल्या.

पुढे बक्षीस समारंभाला वारा सुटला. एक कागद उडत आला आणि सांबरकाकांच्या पायाला चिकटला. काकांनी मुंग्या झटकल्या. पुन्हा झटकल्या. एकही हलेना, तेव्हा कळलं, हे चित्र आहे!

सगळी सभा वाकून बघू लागली.

"कोणी काढलं हे?" गुरुजींनी विचारलं. मागच्या रांगेतल्या चेंडूतून एक नखी वर आली.

"शाबास! वही कोणती वापरतोस?"

"वही नाही. कव्हरं. तुम्ही टाकलेली."

"ऐकलंत?" गुरुजी ओरडले. "मी पहिल्यापासून सांगत होतो. दोष वहीतच होता!"

त्याच संध्याकाळी सगळ्यांनी आपापली कव्हरं काढून घेतली. ती दगडाखाली दाबून सरळ केली. खराब होऊ नयेत म्हणून त्यांना वरून कव्हरं घातली. आणि त्रेपन्न कोऱ्या वह्या उकिरड्यावर फेकून दिल्या.

खवल्याने इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. त्याने वरची वही उचलली, पहिलं पान उघडलं आणि सशाच्या 'श्री'खाली एक मुंगी काढली. पाय गुडघ्यात नीट वाकला.

तात्पर्य: रोज चित्र काढल्याने वही संपते. म्हणून बाळांनो, वहीवर खरं प्रेम असेल तर चित्र काढू नका. कव्हर घाला.