शून्यापासून मोजणारे इब्राहिमभाई

१४ मे २००९. मी गच्चीवर आंबापोळीची ताटं उलटत होते. खाली गल्लीत शेजारचे इब्राहिमभाई बांगडे मोजून घेत होते. "शून्य, एक, दोन..." बारा म्हणेपर्यंत पिशवीत तेरा.

"भाई, तो शून्य मासा माझ्या पाटीतला नाय काय?" मासेवाली कडाडली.

"कंप्युटर असाच मोजतो, गो."

"मग कंप्युटरकडनंच घ्या मासे!"

भाई म्हणजे जहाजावरचे निवृत्त रेडिओ ऑफिसर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. आपलं बोलणं त्यांना कळतं का, विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. भाईंना हे उत्तर पटलं नाही. त्यांनी एमआरआयची सीडी मागून आणली, दुबईला गेलेल्या मुलाच्या कंप्युटरवरची धूळ पुसली आणि ते फोटो स्वतः तपासायला साठीनंतर पायथॉन नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसले.

तेव्हापासून गल्लीला शांतता नाही. मेंदूचे फोटो कापाकापांचे असतात, हे समजावायला त्यांनी माझा भाजीचा कोबी भलत्याच बाजूने चिरून ठेवला. "आधी काप बघा, मग मत द्या," हे रिक्षावाल्यालाही ऐकवतात.

आदल्या शुक्रवारी त्यांनी घरोघर शिरखुर्मा वाटला. ईद नव्हती.

"वैनी, सापडलं! भाषा कळायची जागा मेंदूत डावीकडे. फोटोत डाग उजवीकडे. हातही उजवाच गेलाय. जुळलं ना? तिला सगळं कळतंय!"

मग आठवडाभर त्यांच्या खिडकीतून त्यांचा आवाज थांबेना. बंदरांच्या गोष्टी, बाजारातली भांडणं, नातवाचे मार्क.

त्या दिवशी बांगडे घरात ठेवून ते गच्चीवर आले.

"वैनी, बाजू उलटी निघाली. इंटरनेटवर एका जाणकाराला फोटो पाठवला होता. तो म्हणतो, डॉक्टरांच्या फोटोत उजवीकडे दिसतं ते माणसाचं डावं. आणि उजवा हात चालवतो तो डावा मेंदू. जहाजावर आपण तोंड कुठेही करा, जहाजाचं डावं ते डावंच असायचं हो."

"म्हणजे डाग..."

"नेमका त्या जागेवर."

मी चहा विचारला. नको म्हणाले. "फक्त तिला सांगू नका."

"त्यांना कळणार नसेल, तर—"

"तरी नको." ते कठड्याकडे वळले. "दोन वर्षं मी तिच्याशी बोललोच नव्हतो, वैनी. औषध घे, पाणी घे, एवढंच. समोरून उत्तर आल्याशिवाय रेडिओवाला पुढे बोलत नाही. हा आठवडा तेवढा बोललो. आता परत कसं गप्प बसू?"

मी ताटं आत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोबरेलाची बाटली घेऊन मी शेजारी गेले. जुबेदाभाभींच्या केसांचा गुंता झाला होता. तो सोडवायला बसले. भाई दारात उभे.

"परवाच्या निकाहाला तुम्ही गेला होतात," मी म्हटलं. "जेवण कसं होतं, सांगा त्यांना."

"वैनी, उत्तर येत नाही."

"मला कुठे हवंय? ती फणी द्या इकडे."

त्यांनी फणी दिली. मी एक बट विंचरली, दुसरी घेतली.

"बिर्याणी खारट होती, जुबेदा," भाई म्हणाले.