खालचं घर तंतोतंत तसंच

चौथ्यांदा तेच उत्तर आलं, तेव्हा तात्या बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होता. 'घरे दाखवण्याचा अनुभव नसल्याने आपणास मुलाखतीस बोलावता येत नाही.' खाली सही, शिक्का आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा.

तात्याचं वय बत्तीस. चेहरा मात्र जन्मतःच पोक्त, म्हणून आईपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्याला तात्याच म्हणत. अकरा वर्षं त्याने घड्याळांच्या दुकानात इमानेइतबारे काढली. मग लोक मोबाइलमध्येच वेळ बघायला लागले आणि मालकाने दुकानाला कुलूप लावलं. त्याला चार महिने झाले होते. चौकातल्या घरांच्या एजन्सीला माणूस हवा होता, तात्याला काम हवं होतं. पण मुलाखतीला बोलावतील तर शपथ.

"अनुभव येत नसतो तात्या, घ्यायचा असतो," साडूभाऊ चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. साडूभाऊ विमा विकत. कोणत्याही प्रश्नावर त्यांच्याकडे तोडगा असे आणि तो सांगून होईपर्यंत समोरची बशी रिकामी होई. "तुमच्या डोक्यावरचं घर रिकामं आहे ना? ते दाखव चार लोकांना. मग अर्जात लिही झोकात, प्रत्यक्ष अनुभव म्हणून."

"आणि कुणी विचारलं तर?"

"दाखवलं असेल तर घाबरायचं काय?"

"भाऊजी म्हणतात ते करा," बायको आतून म्हणाली, "पण त्यात आपलं काही जाणार नाही एवढं बघा."

घरमालक खालीच, तळमजल्यावर राहायचा. वरचा दुसरा मजला तीन महिने रिकामा होता, पण एजन्सीला दलाली द्यायची म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. त्यामुळे फाटकावर एक पाटी लटकवून तो वाट बघत बसला होता. फुकटात घर दाखवणारा माणूस दारात उभा पाहून त्याने तात्याला चक्क बसायला खुर्ची दिली.

रविवारी सकाळी पाटी वाचून तिघं आली. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. आजींच्या हातात काठी होती आणि नजर अशी, की भिंतीलासुद्धा आपण सरळ आहोत ना अशी शंका यावी. पहिला मजला ओलांडून आजी दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दहा मिनिटं गेली. तात्याने ऐटीत किल्ली फिरवली. अर्धी किल्ली कुलपात राहिली, अर्धी त्याच्या हातात आली.

"हे काय?" आजींनी विचारलं.

"तीन महिने बंद होतं ना, म्हणून," तात्या म्हणाला. "किल्लीवाला आणतो. अर्ध्या तासात."

"मी पुन्हा एवढा जिना चढणार नाही. आज नाही आणि कधीच नाही."

चार महिन्यांत पहिल्यांदा हाताशी आलेला अनुभव काठी टेकत जिना उतरायला लागला. तात्याला ते बघवेना. "आजी, खाली माझंच घर आहे," तो म्हणाला. "वरच्यासारखंच, तंतोतंत. इंचाचाही फरक नाही. ते बघून घ्या, म्हणजे वरचं बघितल्यासारखंच."

तात्याची बायको पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. पाहुणे बघून तिने पटकन ढीग चादरीखाली ढकलला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की दुसरा एखादा तिथंच वरमला असता. पण तात्याला आता सूर सापडला होता. त्याने खिडक्या उघडल्या, नळ सोडून दाखवला, कपाटाचं कुरकुरणारं दारही स्वतःहून उघडून दाखवलं. दुपारी उन्हाने हा कोपरा तापतो म्हणाला. शेजारचे काका रोज संध्याकाळी बासरी शिकतात, पाच वर्षं शिकताहेत आणि अजून काही जमलेलं नाही, हेही त्याने सांगून टाकलं. खोटं बोलायची सवय घड्याळांच्या दुकानात लागलेलीच नव्हती. आजी बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत बसल्या त्या अर्धा तास उठल्याच नाहीत.

"माणूस खरं बोलतोय," जाताना त्या मुलाला म्हणाल्या. तात्याने त्याच रात्री पाचवा अर्ज लिहिला आणि अनुभवाच्या रकान्यात दोन ओळी भरल्या.

दुसऱ्या दिवशी घरमालक पेढ्यासारखं गोड तोंड करून आला.

"मानलं तात्या तुम्हाला. घर गेलं."

"वरचं?"

"आधी खालचं. आजींना एकच जिना चढायचाय, आणि ती बाल्कनी त्यांच्या मनात भरली. भाडंही वाढवून देताहेत."

"खालचं म्हणजे आमचं?"

"तसं ते माझंच," घरमालक प्रेमाने म्हणाला. "तुमचा करार या महिन्यात संपतोय ना?"

तात्याने छताकडे बोट दाखवलं. "मग आम्ही वर जातो."

"वरचं त्यांच्या धाकट्या मुलाने घेतलं. न बघताच. म्हणाला, खालच्यासारखंच आहे, तंतोतंत, असं त्या माणसाने सांगितलंय."

बायको तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने पर्स खांद्याला लावली आणि एवढंच म्हणाली, "चला, घर शोधायला." जवळपास एजन्सी एकच होती. ज्या दाराने चार वेळा नकार पाठवला, त्याच दारातून तात्या गिऱ्हाईक म्हणून आत गेला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एजन्सीच्या मॅडमनी वही ओढली. "आत्ताचं घर का सोडताय?"

तात्याने जमिनीकडे बघत, आजींच्या काठीपासून सगळं सांगितलं. मॅडमचं पेन मध्येच थांबलं.

"काठीवाल्या आजी? करड्या नजरेच्या?"

"हो."

"त्यांना मी दोन महिने घरं दाखवतेय. सव्वीस झाली. एकात उजेड जास्त, एकात कमी. एका घराचा तर त्यांना वास आवडला नाही." मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "आणि तुम्ही एका सकाळीत दोन घरं दिलीत? त्यातलं एक बंद?"

"किल्ली तुटली होती," तात्या ओशाळून म्हणाला.

मॅडमनी टेबलावरच्या ढिगातून तात्याचा पाचवा अर्ज शोधून काढला, त्या दोन ओळी वाचल्या आणि अर्ज समोर ठेवला. "मुलाखत घेऊ या तुमची."

तात्याला इतका आनंद झाला, की बायकोकडे बघायची त्याची पुन्हा हिंमत झाली. "कधी येऊ?"

"आत्ताच. आमची मुलाखत सोपी असते. अडलेल्या गिऱ्हाइकाला आमच्या यादीतलं एक घर पसंत पडेल असं समजावून सांगायचं. त्यांनी हो म्हटलं, की उद्यापासून कामावर." मॅडमनी यादी त्याच्याकडे सरकवली. "गिऱ्हाईक तुम्ही बरोबरच आणलंय."

तात्याने खुर्ची वळवली. सात वर्षांच्या संसारात या बाईच्या गळी त्याला साधा पडद्याचा रंग उतरवता आला नव्हता. तिने पर्स मांडीवर घेतली आणि हाताची घडी घातली.

"बोला," ती म्हणाली, "मला काही घाई नाहीये."