तोफेजवळचे दिनूमामा

भारतातून पाहुणे आले की लोक त्यांना नायगारा दाखवतात. आमचे शेजारी मोघेकाका त्यांना पेनसिल्व्हेनियातल्या एका म्युझियममध्ये नेतात आणि तिथल्या लढाईच्या चित्रात स्वतःचे नातेवाईक दाखवतात.

चित्र साधंसुधं नाही. गोल इमारतीच्या भिंतभर, चहूबाजूंनी, अमेरिकेच्या यादवी युद्धातली एक लढाई रंगवली आहे. आपण मधल्या चौथऱ्यावर उभं राहायचं. वळाल तिकडे धूर, घोडे, तोफा, पडलेली माणसं. पुढ्यात खरंखुरं कुंपण आणि एक मोडकी गाडी मांडून ठेवलीय, ती कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होतं ते कळत नाही. इतर लोक इथे आले की गंभीर होतात. काकांचा चेहरा खुलतो. "या, ओळख करून देतो," ते म्हणतात, "सगळी आपलीच माणसं."

माझे सासू-सासरे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांचीही वरात तिथे गेली.

"तो तोफेजवळ कानांवर हात ठेवलेला दिसला? आमचे दिनूमामा. जन्मभर कुणाचं ऐकलं नाही. घोडा वळवून निघालेत ते तात्या. मानपानात जरा कमी पडलं की असेच निघायचे. आणि झाडाखाली आडवे आहेत ते भास्करभावोजी."

"ते मेलेत ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"गाइड तसं सांगतो. पण जेवण झालं की ते असेच पडतात."

परतताना सासूबाईंनी मला हळूच विचारलं की दिनूमामा मिलिटरीतून रिटायर होऊन कुठे स्थायिक झाले. मी सगळं लक्ष गाडी चालवण्यात असल्याचं दाखवलं.

तिथल्या जिम नावाच्या म्हाताऱ्या गाइडने सुरुवातीला काकांना पुष्कळ समजावलं म्हणे, कुठली पलटण, कुठला सेनापती वगैरे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्याला तात्यांच्या रुसव्याचं मूळ कारण सांगितलं. ते त्याला जास्त पटलं असावं. आता काका दिसले की तो आधी विचारतो, "हाऊ इज दिनू?"

"सेम," काका म्हणतात. "नॉट लिसनिंग."

मी एकदा विचारलं होतं, "काका, यात मी कुठे?" ते म्हणाले, "तुझी जागा बघून ठेवतो." मला उगीचच वाईट वाटलं. आपल्याला पंगतीत डावललेलं खपत नाही, मग ती पंगत तोफगोळ्यांखाली का बसलेली असेना.

मालतीकाकू गेल्यापासून काका एकटेच राहत होते. मुलगा बेलव्ह्यूला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाबांनी आता एकटं राहायचं नाही, असं त्याने ठरवलं. त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. सामान गेलं, विमानाचं तिकीट आलं, आणि काका माझ्या दारात उभे राहिले.

"निघायच्या आधी सगळ्यांना एकदा भेटून येऊ. पुन्हा काही जमायचं नाही. तू ड्राइव्ह करशील?"

सकाळी बघते तर अंगात सूट, खांद्यांवर सैल झालेला.

"काका, म्युझियमला सूट?"

"कार्याला जाताना बरा कपडा असावा."

म्युझियमच्या दारावर सिक्युरिटीवाल्याने खिशाकडे बोट दाखवलं. आत गोळ्यांची केशरी बाटली होती. "मेडिसिन," काका म्हणाले.

चित्रासमोरचा ध्वनिप्रकाशाचा खेळ सुरू झाला. अंधार झाला, तोफा धडाडल्या, धूर लाल झाला, पुन्हा उजेड आला. लोक पांगले. काका चौथऱ्याच्या बरोब्बर मध्यावर उभेच होते. आज त्यांनी कुणाचीही ओळख करून दिली नव्हती.

"मालती यात कुठे नाही, तुझ्या लक्षात आलं?"

"लढाईत बायका कुठून येणार, काका?"

"ती इथे असायची." त्यांनी स्वतःच्या डावीकडची रिकामी जागा दाखवली. "आमचं लग्न जर्सी सिटीला झालं, सरकारी कचेरीत. जात वेगळी. दोन्ही घरांनी कळवलं, कुणी येणार नाही. दिनूमामा नाहीत, तात्या नाहीत. एक क्लार्क होता आणि त्याचं अर्धं खाल्लेलं सँडविच. मग दोघंच फिरायला म्हणून इकडे आलो. ती इथे मधोमध उभी राहिली, गोल फिरून सगळं बघितलं आणि म्हणाली, 'बघा, आले सगळे. उशीर झाला, भांडतायत, पण आले.'"

मला रडू यायला लागलं. काकांनी ती बाटली माझ्या हातात दिली. मी गोळीसाठी पाणी शोधू लागले.

"उघड तरी."

आत कुंकू लावलेले तांदूळ होते.

"अक्षता टाकायला घरचं कुणी नव्हतं. तिला ते लागलं होतं, कधी बोलली नाही. जायच्या आधी एकदा होऊन जाऊ दे. तू टाक."

"आणि मंगलाष्टकं?"

"आत्ता तोफा झाल्या ना."

ते ताठ उभे राहिले, डावीकडे एका माणसापुरती जागा सोडून. मी अर्ध्या अक्षता त्यांच्यावर टाकल्या, अर्ध्या त्या जागेवर. काकांनी डोळे मिटले होते. दिनूमामा, तात्या, सगळे चारी बाजूंनी बघत होते. भास्करभावोजी तेवढे झोपलेले.

मग मी गालिच्यावरचे लाल तांदूळ वेचायला खाली बसले. जिम आला. त्याने काकांच्या केसांतले तांदूळ पाहिले, मग माझ्याकडे मान वळवून, चित्राकडे बोट दाखवत काकांना विचारलं, "अँड विच वन इज शी?"

काका चित्राकडे वळले नाहीत. त्यांनी आपल्या डावीकडे पाहिलं.

"शी इज विथ मालती," ते म्हणाले. "ब्राइड्स साइड."